स्टेटली म्हणजे नुसतं भव्य नाही: हा शब्द कुठे बसतो, कुठे फसतो

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. एका सिनियर सरांचा निरोप समारंभ होता, इंग्रजीत दोन मिनिटं बोलायचं होतं, आणि सरांचं व्यक्तिमत्त्व भारदस्त होतं हे मला काहीही करून सांगायचं होतं. डिक्शनरी उलटीपालटी करताना ‘पोर्टली’ शब्द सापडला, समोर अर्थ दिलेला ‘भारदस्त’, मी खूश. स्टेजवर जाऊन ठणकावून सांगितलं की सर इज अ व्हेरी पोर्टली मॅन. मागच्या रांगेत खसखस पिकली, पुढच्या रांगेत शांतता, आणि सरांनी नकळत कोटाचं बटण लावून घेतलं. पोर्टली म्हणजे आजच्या इंग्रजीत सरळसरळ पोट सुटलेला. सभ्य भाषेत, पण पोट सुटलेलाच.

मला जे म्हणायचं होतं त्याच्या जवळ जाणारा शब्द होता स्टेटली. त्यानंतर या शब्दाच्या मागेच लागलो म्हणा ना. तो दिसतो सोपा, अर्थ विचारला तर सगळे भव्य, शानदार, रुबाबदार असं काहीतरी सांगून मोकळे होतात, आणि वापरायला गेलं की हमखास दोन ठिकाणी पाय घसरतो, एक अर्थात आणि एक व्याकरणात. म्हणून पायरी पायरीने जाऊ.

पहिली पायरी: आधी नीट म्हणा

दोनच तुकडे, स्टेट आणि ली, जोर पहिल्यावर. मधल्या ई चा उच्चार करायचा नाही, ‘स्टेटेली’ नाही. स्पेलिंगमध्ये मात्र तो ई ठेवायचा, एस-टी-ए-टी-ई-एल-वाय. आपल्यापैकी काही जण घाईत ‘इस्टेटली’ म्हणतात आणि लोक हसतात, पण गंमत अशी की इतिहास बघितला तर ही चूक अगदीच परकी नाही. स्टेट, इस्टेट आणि स्टेटस हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दातून आलेत, आणि जुन्या फ्रेंचमध्ये तो शब्द ‘इ’ लावूनच म्हटला जायचा. म्हणजे आपण घरादाराला, जमीनजुमल्याला जे इस्टेट म्हणतो ते या स्टेटलीचं सख्खं भावंडच आहे.

इथेच अजून एक गोंधळ काढून टाकू. स्टेट म्हणजे राज्य, म्हणून स्टेटली म्हणजे राज्याचा किंवा राज्यस्तरीय, असं अजिबात नाही. राज्यस्तरीय स्पर्धेला स्टेट लेव्हल म्हणा. स्टेटली कॉम्पिटिशन लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर झुलत झुलत चाललेले स्पर्धक येतील.

दुसरी पायरी: तीन गोष्टी एकत्र असल्या तरच

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका. स्टेटलीमध्ये तीन गोष्टी असतात. एक, आकार किंवा उंची, म्हणजे वस्तू डोळ्यात भरणारी हवी. दोन, प्रतिष्ठा, म्हणजे बघितल्यावर आपोआप आदर वाटला पाहिजे. आणि तीन, जी बहुतेक जण विसरतात ती, संथपणा. घाई नसणं. स्टेटली गोष्ट पळत नाही, धावपळ करत नाही, आरडाओरडा करत नाही, तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

हत्ती घ्या. शांतपणे पावलं टाकत चाललेला हत्ती स्टेटली. तोच हत्ती पिसाळून अंगावर धावून आला की स्टेटली संपलं, आता तुम्हाला टेरिफाइंग वगैरे लागेल (ते लिहायला वाचलात तर). शिडं उभारून चाललेलं मोठं जहाज स्टेटली, स्पीडबोट नाही, मग ती कितीही महागडी असो. पाण्यावरून सरकणारा राजहंस स्टेटली, सूर मारणारा खंड्या कितीही देखणा असला तरी नाही. घोड्याचं मात्र चालीवर अवलंबून आहे, मिरवणुकीतला घोडा चालेल, शर्यतीतला नाही.

आपल्याकडे ही कल्पना नवीन नाही. ‘गजगामिनी’ शब्द आठवा, किंवा ‘गजगती’. हत्तीसारखी संथ, डौलदार, दमदार चाल. स्टेटली पेस म्हणजे थोडक्यात हेच. फरक एवढाच की गजगामिनी फक्त बाईच्या चालीला म्हणतात आणि तेही काव्यात, स्टेटली मात्र माणूस, मिरवणूक, जहाज, झाड, इमारत, संगीताची लय, कशालाही लागतो.

आता तुम्ही म्हणाल इमारत कुठे चालते, मग तिला संथपणा कुठून येणार? बरोबर आहे. पण इमारतीच्या बाबतीत संथपणाच्या जागी ठहराव येतो. रुंद पायऱ्या, उंच खांब, भरपूर मोकळी जागा, आणि कुठेही गर्दी किंवा भडकपणा नाही. काचेचा, रात्री रंगीत लाइट मारणारा चाळीस मजली टॉवर मोठा असतो, पण त्याला कुणी स्टेटली म्हणत नाही. उंच, सरळ, वय झालेल्या झाडाला म्हणतात, कारण ते झाड कुठल्याही घाईत नाही हे बघूनच कळतं.

तिसरी पायरी: हा संथपणा आला कुठून

स्टेटसचं मूळ लॅटिनमधलं ‘उभं राहणं’ या अर्थाचं क्रियापद, आणि ते क्रियापद आपल्या संस्कृत ‘स्था’ धातूचं नातेवाईक. स्थान, स्थिती, स्थिर, स्थावर हे सगळे त्याच धातूचे. आणि प्रतिष्ठासुद्धा! प्रतिष्ठा या शब्दात तो ‘स्था’ ष्ठा होऊन बसलाय. म्हणजे पक्कं उभं राहण्यातून प्रतिष्ठा येते ही कल्पना इकडेही आहे आणि तिकडेही. मला तर स्टेटलीला एका शब्दात मराठी करायला सांगितलं तर मी भव्यच्या आधी ‘प्रतिष्ठित डौल’ म्हणेन, जरी ते दोन शब्द झाले तरी.

इंग्रजीत स्टेट या शब्दाला ‘राज्य’ याखेरीज ‘थाटमाट, मानमरातब’ असाही एक जुना अर्थ आहे. तो आता फार थोड्या ठिकाणी उरलाय. लाइंग इन स्टेट म्हणजे मोठ्या व्यक्तीचं पार्थिव सन्मानाने अंत्यदर्शनासाठी ठेवणं, सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथचं पार्थिव वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवलं होतं तेव्हा बातम्यांमध्ये हाच शब्दप्रयोग सतत येत होता. तसंच स्टेट कोच. ब्रिटिश राजघराण्याची ती सोन्याच्या मुलाम्याची बग्गी बघितली असेल तुम्ही, गोल्ड स्टेट कोच. ती १७६२ ची आहे, वजन साधारण ४ टन, ओढायला ८ घोडे लागतात, आणि एवढं करून ती माणसाच्या चालण्याच्या वेगानेच जाते. मे २०२३ मध्ये राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकानंतर परतीच्या मिरवणुकीत हीच बग्गी होती. तो व्हिडिओ एकदा बघा, स्टेटली पेस म्हणजे काय ते डिक्शनरी न उघडता समजेल. मोठी, मानाची, आणि हळू. तिन्ही गोष्टी एकाच बग्गीत.

चौथी पायरी: शेवटच्या ‘ली’ ला फसू नका

आपल्याला शाळेत डोक्यात बसवलेलं असतं की शेवटी ली आला की क्रियाविशेषण. क्विकली, स्लोली, हॅपिली. त्यामुळे आपण बिनधास्त लिहितो, ही वॉक्ड स्टेटली. चूक. स्टेटली हे विशेषण आहे, ते नामाला लागतं, क्रियापदाला नाही.

ओळखायचं कसं? एक युक्ती सांगतो, ही मला खूप उशिरा कळली. ली काढून टाका आणि मागे काय उरतं ते बघा. विशेषण उरलं तर ली लावलेला शब्द बहुतेक वेळा क्रियाविशेषण असतो, क्विक, स्लो, हॅपी. नाम उरलं तर ली लावलेला शब्द विशेषण असतो, फ्रेंड पासून फ्रेंडली, कॉस्ट पासून कॉस्टली, कावर्ड पासून कावर्डली, किंग पासून किंगली, आणि स्टेट पासून स्टेटली. अपवाद आहेत, सिकलीमध्ये मागे विशेषण उरतं तरी तो विशेषणच, काइंडली दोन्हीकडे चालतो, डेलीसुद्धा, पण दहातल्या आठ-नऊ वेळा ही युक्ती वाचवते.

यामागे कारणही आहे. जुन्या इंग्रजीत विशेषण बनवायचा प्रत्यय होता लिक, आणि क्रियाविशेषण बनवायचा लिके. पुढे घासून घासून दोन्हींचं ‘ली’ झालं आणि आपली पंचाईत झाली. त्या लिकचा मूळ अर्थ शरीर, रूप असा होता, आणि आजचा लाइक म्हणजे ‘सारखा’ हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे फ्रेंडली म्हणजे मित्रासारखा, आणि स्टेटली म्हणजे थाटामाटाच्या रूपाचा. असा विचार केला की ते विशेषण आहे हे परत विसरायला होत नाही.

मग ‘तो डौलात चालत आला’ हे लिहायचं कसं? हे तीन पर्याय पाठच करा. ही वॉक्ड इन अ स्टेटली मॅनर, हे बरोबर पण जरा पुस्तकी. ही वॉक्ड ॲट अ स्टेटली पेस, हे सगळ्यात नैसर्गिक. ही केम इन विथ स्टेटली स्टेप्स, हे गोष्टीत वगैरे छान वाटतं. चौथा पर्याय म्हणजे शब्दच बदला आणि मॅजेस्टिकली वापरा. स्टेटलीचं अधिकृत क्रियाविशेषण काही मोठ्या डिक्शनऱ्यांमध्ये आहे, स्टेटलिली, पण ते बोलताना जीभ अडखळते आणि इंग्रज लोकही वापरत नाहीत, तेव्हा सोडून द्या.

जाता जाता, जेम्स जॉइसची १९२२ ची ‘युलिसिस’ ही कादंबरी याच शब्दाने सुरू होते, आणि तिथे तो विशेषण म्हणून आलाय की क्रियाविशेषण म्हणून यावर अभ्यासक वाद घालतात. पण परीक्षेच्या पेपरात ‘जॉइसने केलं म्हणून मी केलं’ हे चालणार नाही.

बाकी व्याकरण सोपं आहे. तुलना करायची तर स्टेटलियर, स्टेटलिएस्ट, किंवा मोअर स्टेटली, दोन्ही चालतं. नाम स्टेटलिनेस. नामाच्या आधीही येतो, अ स्टेटली ट्री, आणि नंतरही, द ओल्ड हाउस वॉज स्टेटली, पण आधीच जास्त शोभतो. सोबत वय सांगणारं विशेषण असेल तर स्टेटली पुढे, अ स्टेटली ओल्ड हाउस, ओल्ड स्टेटली नाही.

पाचवी पायरी: स्टेटली होमचं प्रकरण

हा वेगळा काढावा लागतो, कारण स्टेटली होम म्हणजे ‘शानदार घर’ एवढाच अर्थ नाही, ती जवळपास एक कॅटेगरी आहे. ब्रिटनमधल्या खानदानी घराण्यांचे, मोठ्या जमिनी आणि बागांच्या मधोमध उभे असलेले जुने वाडे, त्यांना स्टेटली होम म्हणतात. चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम पॅलेस, कासल हॉवर्ड ही त्यातली गाजलेली नावं. हा शब्दप्रयोग रूढ झाला तो फेलिशिया हेमन्स या कवयित्रीच्या १८२७ मधल्या एका कवितेमुळे. पुढे विसाव्या शतकात वारसा कर इतके वाढले की या घराण्यांना वाडे सांभाळणं परवडेना, मग काहींनी विकले, काही पाडले गेले, आणि काहींनी तिकीट लावून लोकांना आत घ्यायला सुरुवात केली. लॉंगलीटच्या मालकांनी १९४९ मध्ये असंच केलं, आणि व्यवसाय म्हणून तिकीट लावून उघडलेलं हे पहिलं स्टेटली होम मानलं जातं. म्हणून आज इंग्रज माणूस स्टेटली होम ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर रविवारची सहल, बाग आणि तिकीट खिडकी येते.

तेव्हा तुमच्या नव्या थ्री बीएचकेला स्टेटली होम म्हणू नका, कितीही इंटिरियर केलेलं असलं तरी. एलिगंट म्हणा, स्पेशियस म्हणा. आणि खरंच मोठा जुना वाडा असेल पण ब्रिटनमधला नसेल तर स्टेटली मॅन्शन किंवा स्टेटली ओल्ड हाउस म्हणा, म्हणजे गैरसमज होत नाही.

सहावी पायरी: शेजारीपाजारी ओळखून ठेवा

मॅजेस्टिक हा सगळ्यात जवळचा. याचं मूळ ‘मोठा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात, तिथूनच मेजर आला. मॅजेस्टिकमध्ये थक्क होणं जास्त आहे, संथपणाची अट नाही. डोंगर, धबधबा, वाघ, झेपावणारा गरुड हे मॅजेस्टिक. धबधब्याला स्टेटली म्हणवत नाही ना? तोच फरक. निसर्गाचं रौद्र रूप असेल तर मॅजेस्टिक, माणसाने घडवलेलं किंवा माणसासारखं शिस्तीत वागणारं असेल तर स्टेटली, असं मी ढोबळमानाने लक्षात ठेवतो. हत्तीला दोन्ही चालतात, हत्तीचं सगळंच वेगळं.

रीगल म्हणजे राजाला किंवा राणीला शोभेल असं. याचं लॅटिन मूळ आणि आपला ‘राजन्’ हे एकाच कुळातले, त्यामुळे राजेशाही किंवा राजस हे अगदी नेमकं भाषांतर.

इम्पोजिंग हा शब्द मराठी माणसाला विनाकारण घाबरवतो, कारण इम्पोज म्हणजे लादणं. पण अर्थाचा धागा तोच आहे, इम्पोजिंग इमारत आपलं मोठेपण तुमच्यावर लादते, तुम्ही तिच्यासमोर लहान होता. मराठीत ‘दबदबा’. कोर्टाची दगडी इमारत, सहा फुटी धिप्पाड अधिकारी, हे इम्पोजिंग. स्टेटलीमध्ये ही दाबून टाकण्याची भावना नसते.

ऑगस्ट, हो, महिन्याचंच स्पेलिंग, पण विशेषण म्हणून म्हणताना जोर शेवटी, ऑ-गस्ट्. म्हणजे पूजनीय, अतिमान्य. इसवी सनपूर्व २७ मध्ये रोमच्या सिनेटने ऑक्टेव्हियनला ऑगस्टस ही पदवी दिली आणि नंतर इसवी सनपूर्व ८ मध्ये त्याच्या नावावरून महिन्याचं नाव ठेवलं गेलं, म्हणजे विशेषण आधी, महिना नंतर. सभा, संस्था, प्रमुख पाहुणे यांना लागतो, दिसण्यापेक्षा मानाबद्दल जास्त आहे. रोज वापरायचा शब्द नाही.

स्टॅच्युएस्क म्हणजे पुतळ्यासारखी. उंच, बांधेसूद बाईला म्हणतात. कौतुकाचा शब्द आहे पण तो शरीराबद्दलचा शेरा आहे, त्यामुळे ऑफिसच्या ईमेलमध्ये अजिबात नको.

आणि पोर्टली, माझा जुना मित्र. शेक्सपिअरच्या काळात याचा अर्थ खरंच भारदस्त, ऐटदार असाच होता, कारण पोर्ट म्हणजे स्वतःला वागवण्याची, चालण्याची ढब. पुढे तो वजनदार ऐटबाज माणसाला लागायला लागला, मग ऐट गळून पडली आणि वजन राहिलं. माझी डिक्शनरी तेवढी जुन्या अर्थावर अडकलेली होती. पॉम्पसचंही असंच झालं, आधी थाटाचा, आता नुसता बडेजाव करणारा. म्हणून कुठलाही असा शब्द वापरण्याआधी तो आत्ताच्या दोन-चार वाक्यांत कसा येतो ते सर्च करून बघाच.

सातवी पायरी: चिमटा काढायला

शब्दाच्या अर्थामध्येच संथपणा असल्यामुळे इंग्रज लोक हा शब्द तिरकसपणे पण वापरतात. द डाउनलोड प्रोसीडेड ॲट अ स्टेटली पेस, म्हणजे डाउनलोड राजेशाही थाटात, म्हणजेच गोगलगायीच्या गतीने चाललं होतं. कुणी तुमच्या प्रोजेक्टबद्दल असं लिहिलं तर थँक्यू म्हणू नका, तो टोमणा आहे. तसंच एखाद्या बाईला स्टेटली म्हटलं की त्यात वय थोडं जास्त आणि बांधा थोडा मोठा हे न बोलता येतं, तेव्हा विशीतल्या मैत्रिणीच्या फोटोखाली कमेंटमध्ये टाकू नका, नंतर मला सांगू नका सांगितलं नाही म्हणून.

आठवी पायरी: हात चालवून बघा

आता मराठी वाक्यं घेऊन बघू, उत्तर वाचायच्या आधी स्वतः ठरवा.

‘मिरवणूक संथपणे, दिमाखात पुढे सरकत होती.’ शंभर टक्के. द प्रोसेशन मूव्ह्ड फॉरवर्ड ॲट अ स्टेटली पेस.

‘त्याचा आवाज भारदस्त आहे.’ नाही. आवाजाला डीप किंवा कमांडिंग लावा. भारदस्त दिसलं की स्टेटली लिहायचं ही सवय लागते, ती मोडा.

‘बुलेटवरून रुबाबात आला.’ नाही, वेग आहे, आवाज आहे, शायनिंग आहे. डॅशिंग किंवा इन स्टाइल.

‘भव्य मोर्चा निघाला.’ नाही, इथे भव्य म्हणजे नुसता मोठा. मॅसिव्ह. पण मोर्चा मूक असेल, लोक रांगेत, शांतपणे चालले असतील तर? मग डिग्निफाइड म्हणेन मी, स्टेटलीला थाट लागतो आणि मोर्चात थाट नसतो.

‘दोन्ही बाजूंना उंच झाडं असलेला रस्ता.’ हो, अ रोड लाइन्ड विथ स्टेटली ट्रीज. हे इतकं घिसंपिटं झालंय की टुरिझमच्या प्रत्येक ब्रोशरमध्ये सापडतं, पण चूक नाही.

‘डौलदार होडी.’ होडी लहान आणि नाजूक असेल तर ग्रेसफुल, शिडाचं मोठं जहाज असेल तर स्टेटली. मराठीत डौल दोघांना चालतो, इंग्रजीत आकार बघावा लागतो.

आणि शेवटचं, ‘सरांचं व्यक्तिमत्त्व भारदस्त होतं.’ आज मी ते भाषण परत केलं तर? अ स्टेटली फिगर म्हणता येईल, सर उंच होते, चालायचे सावकाश, कधी कुणावर ओरडले नाहीत, तिन्ही अटी पूर्ण. पण सरांकडे गेलेली फाइल परत यायला महिना लागायचा हेही सगळ्या ऑफिसला माहीत होतं, आणि स्टेटली म्हटल्यावर मागच्या रांगेने त्याचाही अर्थ लावला असता. त्यामुळे डिग्निफाइड.